माळ्यावर न सापडलेला उंदीर

भाताची झोडनी झाली आनी आमच्या घरात वास सुटला. सून बोलली, "आई, माळ्यावर उंदीर मेलाय." भाताच्या गोन्या माळ्यावर ठेवलेल्या, मंग उंदीर येनारच. मुलानं शिडी लावली. एकेक गोनी खाली उतरवली, जुने पत्रे काढले, तुटकी सायकल, माझ्या लग्नातला हंडा, सगळा पसारा बाहेर वटीवर आनला. उंदीर न्हाय. दुसऱ्या दिवशी कपाट भिंतीपासून सरकवलं. मोरीच्या नळीत तार घातली. सून नाकाला ओढनी बांधून फिनेल टाकत व्हती आनी उंदराला शिव्या देत व्हती. "मरायचं तर बाहेर जाऊन मर ना मेल्या."

मी पन शोधत व्हते. वाकून गोन्यांच्या मागं हात घालत व्हते, "इथं न्हाय गं," "इथं पन न्हाय" करत व्हते. मला माहीत व्हतं उंदीर कुठं हाय. तो माझ्या पोलक्यात व्हता.

दोन वर्सं झाली व्हती. आंघोळ करताना डाव्या छातीला हाताला काहीतरी लागलं, वालाच्या दान्याएवढं. दुखत न्हाय, खुपत न्हाय. दाखवायचं कोनाला? नवरा मेलेला, मुलगा पुरुष मानूस, सून परक्याची पोर. मी गोडाऊनमध्ये पॅकिंगला जात व्हते तवा. खोके उचलताना छातीला टेकायचे तर मी उजव्या अंगानं उचलायची, झालं. मंग गाठ लिंबाएवढी झाली तवा शेजारच्या म्हातारीला बोलले. ती बोलली बिब्बा लाव. बिब्बा तापवून, सुईनं टोचून, त्याचं तेल गाठीवर लावलं. कातडी जळली, फोड आला, फोड फुटला, पानी वाहायला लागलं. मला बरं वाटलं. मला वाटलं, आतली घान बाहेर पडतेय.

ती पडतच राहिली. बंदच होईना. जुन्या लुगड्याच्या चिंध्या करून आत दाबायच्या, वर कडूलिंबाचा पाला, थोडा कापूर. सकाळी सगळे उठायच्या आधी गोठ्यामागं जाऊन चिंधी बदलायची आनी जुनी पुरायची. गोठ्यात आता गुरं न्हायत, मुलाचं सामान असतं, म्हनून कोनी तिकडं फिरकत न्हाय. पावसाळा कसातरी काढला. पन वास लपवायला जागा न्हाय ना. जेवायला बसले की नातू तोंड फिरवायचा. पोर हाय, त्याला काय कळतंय, पन मला कळायचं. माझा घास मला गिळवत नसे. आपल्या अंगाचा वास आपल्याला येत न्हाय असं लोकं बोलतात, ते खोटं हाय. मला झोपेत पन यायचा.

उंदीर शोधायच्या तिसऱ्या दिवशी सगळी वटीवर चा पीत बसलेली. गावातल्या कुत्र्यानं गोठ्यामागं उकरलं आनी एक चिंधी तोंडात धरून आनली, सरळ वटीवर, मुलाच्या पायाशी टाकली. रगत, पू, पाला. कापराचा वास. मुलगा उठून उभा राहिला. सून बोलली, "हे काय हाय?" मंग माझ्याकडं बघितलं. बाईमानसाला कळतं. मी तिला आत नेलं आनी पोलकं सोडलं.

ती ओरडली न्हाय. बाहेर गेली, शेवग्याखाली ओकली, तोंड धुतलं, आत आली आनी बोलली, "आई, तुम्ही तीन दिवस आमच्यासंगं उंदीर शोधत व्हता?"

मी पोलकं लावून घेतलं. मुलानं आपला टेम्पो चालू केला.

भिवंडीच्या दवाखान्यात तुकडा काढून तपासायला पाठवला. आठ दिवसांनी रिपोर्ट आला. डॉक्टर चांगला व्हता, पोरगेला, सारखा माझ्याकडं न बघता कागदाकडं बघून बोलायचा. गाठ फुटलीय, मोठी हाय, आत्ता कापता येनार न्हाय. आधी किमो द्यायची. गाठ बारीक झाली आनी जखम सुकली तर मुंबईला पाठवून कापू. न्हाय तर, असं बोलून तो थांबला. तो आनी मुलगा माझ्या पायाकडं बघत बसले.

बाहेर आले तर ड्रेसिंगच्या खोलीच्या दारात सिस्टर उभी व्हती. चाळीस-पंचेचाळीसची, काळी, काटकुळी, हात मात्र पुरुषासारखे, केसांना चपचपीत तेल, चष्म्याला दोरी बांधलेली. तिला आतलं सगळं ऐकायला आलेलं.

"न्हाय तर काय, ते कोनी सांगितलं का तुला, आजे?"

"न्हाय."

"न्हाय तर अशीच सडशील. हळूहळू. लवकर मरन पन येनार न्हाय. म्हनून गाठ सुकली पायजे. सुकवायचं काम माझं आनी तुझं. चल आत."

मला तिचा राग आला आनी बरं पन वाटलं. एवढ्या दिवसांत कोनीतरी सरळ बोललं.

तिनं मला टेबलावर निजवलं. चिंधी जखमेला चिकटलेली. मी ओढायला गेले तर माझ्या हातावर चापट मारलीन. मिठाचं पानी ओतत राहिली, ओतत राहिली, चिंधी आपसूक सुटली तवाच उचलली. मी तिच्या तोंडाकडं बघत व्हते. मला बघायचं व्हतं ती तोंड कसं फिरवते. सून फिरवायची, मुलगा फिरवायचा, तुकडा काढनारा डॉक्टर मास्कच्या आत श्वास धरायचा, पोट हलायचं थांबायचं त्याचं. हिनं फिरवलं न्हाय. उलट चष्मा वर केलान आनी आनखी खाली वाकली.

"अळ्या हायत," ती बोलली. "डोळे मिट, न्हाय तर बघ. दोन्ही चालंल. हलू नको फक्त."

टरपेंटाईनचा बोळा ठेवला, अळ्या वर येईपर्यंत थांबली, मंग चिमट्यानं एकेक काढून स्टीलच्या ट्रेत टाकायला लागली. मी बघितलं. कनीच्या भातासारख्या, पांढऱ्या, वळवळनाऱ्या. माझ्या अंगातून निघत व्हत्या, माझंच खाऊन वाढलेल्या. जल्माची किळस एका ट्रेत बघितली मी. मंग तिनं एक गोळी कुटून तिची पूड जखमेवर टाकली, वर स्वच्छ कापूस, पट्टी. घरी येईपर्यंत वास निम्मा गेलेला. रोज ये, बोलली. मुलाचा टेम्पो सकाळी भिवंडीलाच जायचा, त्यात बसून मी रोज जायची.

चौथ्या-पाचव्या दिवशी मी इचारलं. आमच्यात इचारतातच. "कुठल्या गावची गं बाय तू?"

"पडघ्याच्या मागं डोंगराच्या अंगाला पाडा हाय बघ, तिथली. कातकरी." औषधाचं नाव सांगावं तसं सांगितलं आनी कापूस फाडत राहिली.

आता खरं सांगायला बसलेय तर खरंच सांगते. माझ्या अंगावर काटा आला. ती माझ्या अळ्या काढत व्हती आनी मला तिची किळस आली.

माझ्या सासऱ्याच्या शेतावर भात कापून झालं की पाड्यावरची लोकं यायची, बांध खनायला. उंदराची बिळं शोधायची, उंदीर मारून न्यायची, बिळात उंदरानं साठवलेलं भात न्यायची. पोरं शेपट्या धरून उंदीर हलवत चालायची. आम्ही बाया पदर नाकाला लावून बघायचो आनी हसायचो. पानी मागायला दारात आली तर वटीखाली उभं करून वरून ओतायचं, ओंजळीत. तांब्या त्यांच्या हाताला लागता कामा नये. सासूनं मला पहिल्याच वर्सी शिकवलं, किती उंचावरून ओतायचं ते. मी चांगली ओतायची. एक थेंब सांडायचा न्हाय.

आनी ह्या सिस्टरची रीत अशी की गोळ्या घरी द्यायची न्हाय. बाया गोळ्या मडक्यात ठेवतात, निम्म्या खातात, निम्म्या शेजारनीला देतात, म्हनून रोजची गोळी रोज, तिच्या समोर गिळायची. तिच्याजवळ एक मोठी बाटली असायची निळ्या झाकनाची, घरून भरून आनलेली. त्यातलं पानी झाकनात ओतून द्यायची. कारखान्यातल्या बायांना हिंदीत, "चाची, मुँह खोलो, जीभ दिखाओ." सगळ्या प्यायच्या. कापडाच्या लूमवरच्या, बिहारच्या, आमच्या बाजूच्या. त्यांना कुठं माहीत व्हतं ती कोन.

मला माहीत झालेलं, घरी सुनंला पन सांगितलेलं. त्या दिवशी झाकन पुढं आलं तर मी बोलले, "आज माझी एकादस हाय. निरजळी."

"गोळीला एकादस नसते."

मी गोळी तोंडात घेतली, झाकन ओठाला लावल्यासारखं केलं, पानी पदरात सोडलं. गोळी गालात. दारातून बाहेर पडले आनी पदराच्या टोकात गाठ मारून ठेवली. फेकायला पन जीव होईना, औषध हाय ना.

दोन दिवसांनी बोलले चतुर्थी हाय. ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडं गेली, चष्मा वर करून बघितलान. "आजे, तुझा पंचांगवाला येगळा हाय का कोन? परवा एकादस, आज चतुर्थी?" लूमवाल्या बाया हसल्या. मी पन हसले. पन पानी पदरातच सोडलं.

मंग पहिली किमो झाली. लाल सलाईन. त्याच्या आधी ओकारीची गोळी द्यायची असते, ती पन मी गालात ठेवली. सिस्टर बोलली व्हती, आज तीन बाटल्या पानी पी, पहिली हितंच माझ्यासमोर संपव. मी तिची पाठ वळली की खिडकीतल्या तुळशीला ओतत व्हते. दवाखान्यातली तुळस त्या दिवशी पोट फुटस्तोवर पानी प्याली.

घरी आल्यावर माझे हाल झाले ते झालेच. चार दिवस ओकत व्हते. आधी जेवन, मंग पानी, मंग हिरवं, मंग नुसता आवाज. तोंड आतून सोललेलं, थुंकी गिळली तरी डोळ्यातून पानी. लघवी लाल. चादरीत घान झाली, सुनंनं बादली आनून ठेवली आनी बाहेर जाऊन दार लोटून घेतलं. माझं ताट तिनं आधीच येगळं केलं व्हतं, गोठ्याकडच्या फळीवर ठेवायची, त्याला कोनी हात लावायचा न्हाय. नातवाला बोलली, आजीचं उष्टं खाल्लंस तर तुला पन गाठ हुईल. मी ऐकलं. तिचा राग न्हाय आला. मला वाटलं, मी तिच्या जागी असते तर ताट गोठ्यात नेऊन ठेवलं असतं.

पाचव्या दिवशी मला उभं राहवेना. मुलानं उचलून टेम्पोत घातलं, सून पन संगं बसली. सिस्टरनं बघितल्या बघितल्या सलाईन लावली, लुगडं घान झालं व्हतं ते सोडायला लागली. पदराच्या टोकाला गाठ. तिला वाटलं पैसे असतील, मुलाकडं द्यावे म्हनून सोडली. आत गोळ्या. काही आख्ख्या, काही विरघळून एकमेकींना चिकटलेल्या, गुलाबी-पिवळा चिखल झालेला.

ती त्या तळहातावर घेऊन उभी राहिली. मी डोळे मिटून घेतले, पन झोपलेली न्हाय हे तिला कळत व्हतं.

"उपास न्हाय ना व्हता तुझा."

मी भिंतीकडं तोंड फिरवलं.

"माझं पानी नको व्हतं तुला." गोळ्यांचा चिखल तिनं ट्रेत टाकला.

"माझ्या हातानं अळ्या काढलेल्या चालल्या."

आवाज वाढवला न्हाय तिनं. बाकीच्या बाया आपापल्या बाटल्यांकडं बघत पडलेल्या. मला वाटलं आता बोलेल, नकोच असंल तर दुसरीकडं जा. बोलायला पायजे व्हतं. मी तिच्या जागी असते तर बोलले असते. ती खुर्ची ओढून बसली आनी माझ्या जखमेवरची पट्टी सोडायला लागली.

"तुला वाटत असंल मला तुझी किळस येत न्हाय," ती बोलली. "येते. पोटातून येते. माझ्या नवऱ्याला इचार, घरी गेल्यावर मी आधी मोरीत जाते, साबनानं कोपरापर्यंत धुते, मंग पोराला जवळ घेते. कधी कधी जेवन जात न्हाय. पन ते माझं मी बघते. तुला दाखवत न्हाय. तू मला दाखवलंस." बोळा मिठाच्या पान्यात बुडवलान. "मी ल्हान व्हते तवा वीटभट्टीवरून येताना पानी मागायचो आम्ही. वरून ओतायची लोकं. नाकात जायचं अर्धं. तसं कोनी ओतलं की मला वाटायचं, ह्या बाईला काय होतंय नेमकं? आज कळलं. कायच होत न्हाय. नुसती सवय असते."

मला वाटलं तिनं मला शिव्या द्याव्या. त्या सोप्या असतात.

जखम उघडली तर सुकत आलेली कड परत ओली झालेली, पिवळी, परत तोच वास. तीन आठवड्यांत तिनं जेवढं मिळवलं तेवढं मी चार दिवसांत घालवलं. डॉक्टर आला, कागद बघितला, बोलला रगत कमी झालंय, दुसरी किमो आता देता येनार न्हाय, चौदा दिवस थांबा. डॉक्टर गेल्यावर मी तिला इचारलं, "म्हनजे आता कापनार न्हायत का?"

"माहीत न्हाय. गाठ थांबायची न्हाय चौदा दिवस. ती कुठं तुझी पाव्हनी हाय?" मंग दारातून हाक मारलीन, "सूनबाई कोन हाय हिची? आत ये."

सून दारात आली, नाकाला ओढनी.

"ओढनी सोड. हितं तुझ्या सासूला कळत न्हाय का तू का बांधलीय ते?"

सून रडवेली झाली. सिस्टरनं तिच्या हातात ट्रे दिला. "चौदा दिवस घरी तूच करायचंस. बघून घे." आनी एकेक दाखवायला लागली, पानी उकळून गार करायचं, एवढं मीठ, ओढायचं न्हाय, भिजवायचं, पूड अशी टाकायची. मधेच सून बेसिनकडं धावली आनी ओकली. सिस्टर तिची पाठ चोळत बोलली, "झालं? आता बरं वाटंल. पहिल्यांदा मी पन ओकलेली, डॉक्टरच्या बुटावर. धर ट्रे."

पट्टी बांधता बांधता सिस्टरनं मला इचारलं, "घरी जेवतेस कशात?"

"माझं ताट येगळं हाय."

"का?"

सून खाली बघत बोलली, "लागन हुईल म्हनून. घरात पोर हाय."

सिस्टर हसली. पहिल्यांदा हसताना बघितलं, तेही असं. "माझं पानी हिला चालत न्हाय, हिचं ताट तुला चालत न्हाय. बरी हायत बाई तुमची घरं." मंग नीट सांगितलं सुनंला, हा रोग ताटानं न्हाय जात, पेल्यानं न्हाय जात, मांडीवर पोर घेतलं तरी न्हाय जात. जखमेला हात लावलास तर हात धू, एवढंच. सुनंनं माझ्याकडं बघितलं. तिला पान्याचं काय ते माहीत नव्हतं, निघताना बाहेरच्या बायांनी गोळ्यांचं सांगितलं. आम्ही टेम्पोत बसून निघालो. पडघ्याच्या अलीकडं ट्रकांची रांग लागलेली, तिथं थांबलो तवा तिनं इचारलं, "आई, गोळ्या थुंकत व्हता तुम्ही?"

"हां."

"ती कातकरी हाय म्हनून?"

"हां."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. पन चौदा दिवस माझी जखम तिनंच धुतली, आपल्या कामाच्या शिफ्टला जायच्या आधी, नाकाखाली बाम लावून. ओढनी न्हाय बांधली. ताट मात्र फळीवरच राहिलं. एवढं एकदम होत न्हाय.

चौदा दिवसांनी गेलो. रगत भरलं व्हतं. सिस्टरनं माझ्यासमोर एक सीलबंद बाटली ठेवली, दुकानात मिळते तसली. बोलली, "ही कंपनीची. मशीननं भरलेली, कोनाचा हात लागलेला न्हाय. झाकन तूच फोड. गोळी मात्र माझ्यासमोर. जीभ दाखव."

मी झाकन फोडलं. गोळी गिळली. जीभ दाखवली.

त्यानंतर प्रत्येक किमोला तसंच. मी जायच्या आधीच माझ्या खाटेवर सीलबंद बाटली ठेवलेली असायची. बाकीच्या बायांना निळ्या झाकनातून, मला कंपनीचं. तिनं कधी टोमना मारला न्हाय. कधी लाड पन केला न्हाय. जखमेवर हात तसाच हलका. तोंडात फोड आले तर काय खायचं, केस गेले तर टोपी कुठली घालायची, उन्हात जायचं न्हाय, ताप आला तर थांबायचं न्हाय, फोन कर, सगळं सांगायची. मुंबईला जायचे कागद तिनंच लावून दिले, मुलाला तीनदा समजावलं कुठल्या खिडकीत जायचं. पन आपली बाटली माझ्यापुढं कधी केली न्हाय. मी बघायची ती लूमवाल्या चाचीला झाकन देते, मंग दुसरीला, मंग माझ्या खाटेला वळसा घालून पलीकडच्या खाटेला. वाळीत टाकलेल्याला कसं वाटतं ते मला तिथं कळलं, आनी टाकलेलं तिनं नव्हतं, मीच मला टाकून घेतलेलं.

गाठ बारीक झाली. नारळाएवढी व्हती, लिंबावर आली. कातडी धरायला लागली. मुंबईला ऑपरेशन झालं, छाती गेली. जाऊ दे. ह्या वयात ती काय करायची.

घरी आल्यावर माझी मोठी जाऊ बघायला आली. दोन वर्सं मी घरात सडत व्हते तवा तिला वाट सापडली न्हाय. आता येऊन बसली, आधी नाक वर करून हुंगलान. "वास न्हाय येत हां आता." मंग इचारायला लागली, कोन करत व्हतं सगळं, कुठल्या दवाखान्यात, सिस्टर कुठली. सुनंनं सांगितलं. जाऊ तोंडाला पदर लावून हसली, "अगं बाय, उंदीर खानारीच्या हातून?"

सून माझ्याकडं बघत व्हती. तिला वाटलं मी काहीतरी बोलीन. मला पन वाटलं. मी चा ओतला. जावंला बशी सरकवली. "साखर बरी हाय का?" इचारलं.

त्या ट्रेतल्या अळ्या मला आता आठवल्या तरी काय वाटत न्हाय. तो चा आठवला की माझी मला किळस येते.

टाके काढायला परत भिवंडीला गेले. सिस्टरनं बोटानं शिवन दाबून बघितली, इकडून तिकडं, दोनदा. कोरडी. कुठं थेंब न्हाय. चष्मा वर करून परत बघितली. "आजे, सुकलीस गं तू," एवढंच बोलली. मंग सांगायला लागली, आता मुंबईला किरनांचे शेक द्यायचे, रोज जायला लागंल, अंगावर खुना करतील त्या घासून काढायच्या न्हाय, तेल लावायचं न्हाय, सुती पोलकं घाल, सैल. तिथं इचारायला लाजू नको. गोळी दिली तर गिळ.

सीलबंद बाटली त्या दिवशी पन ठेवलेली खाटेवर. मी ती बाजूला सरकवली.

"मला तुझ्यातलं दे पानी."

ती पट्टीचा कचरा गोळा करत व्हती. वर न बघता बोलली, "रिकामी हाय. बाहेर नळ हाय, भरून आन."

मी उठले. टाक्याची जागा ओढत व्हती. बाहेर बाया बसलेल्या, त्यांच्यामधून तिची निळ्या झाकनाची बाटली घेऊन गेले, नळाखाली भरली. आनी तिथं न पिता आत आनली, तिच्यासमोर उभी राहून प्याले. आमच्यात पानी वरून पितात, भांड्याला तोंड लावत न्हाय. मी तोंड लावलं. गटागटा न्हाय, सावकाश, निम्मी संपवली. मंग तिच्यापुढं धरली.

"उष्टी केलीस की गं," ती बोलली.

"हां."

तिनं बाटली घेतली. आपल्या रुमालानं बाटलीचं तोंड पुसलान, नीट, आतून बाहेरून, दोनदा. मंग प्याली. झाकन लावलं, बाटली टेबलाखाली ठेवली.

मला राग न्हाय आला. तिला किळस आली असंल, आनी ती तिनं ह्या येळी मला दाखवली. बरं केलंन.

"म्हैन्यानं दाखवायला ये," ती बोलली, आनी दाराकडं तोंड करून हाक मारलीन, "चलो, अगला कौन है?"